घरचा जलतरण तलाव सांभाळताना : आधी पाणी आणि माती ओळखावी

घरी स्विमिंग पूल बांधून झाला की ठेकेदार जाताना हातात एक तक्ता ठेवून जातो. पीएच ७.२ ते ७.८, मुक्त क्लोरीन १ ते ३ पीपीएम, एकूण अल्कलिनिटी ८० ते १२० पीपीएम, कॅल्शियमचा जडपणा २०० ते ४०० पीपीएम. (पीएच म्हणजे पाणी किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी आहे याचे माप, अल्कलिनिटी म्हणजे पीएचला आवर घालणारी पाण्यातली शक्ती, आणि १ पीपीएम म्हणजे लिटरभर पाण्यात १ मिलिग्रॅम.) हे आकडे बरोबरच असतात, मात्र तिथवर पोचण्याची वाट प्रत्येक घरी वेगळी असते, कारण तलावात पडणारे पाणी वेगळे असते आणि तलावाभोवतीची जमीनही वेगळी असते. एकाच बनावटीची औषधे एकाच मापाने टाकणाऱ्या दोन घरांपैकी एकाच्या टाइल्सवर वर्षभरात पांढरा थर बसतो आणि दुसऱ्याच्या टाइल्समधले ग्राउट, म्हणजे सांध्यांत भरलेले सिमेंट, झिजू लागते, ते यामुळेच. म्हणून नवख्या माणसाने औषधांच्या डब्यांपासून नव्हे, तर नळापासून आणि मातीपासून सुरुवात करावी.

पहिली पायरी : तलावात पाणी किती आहे

औषधाचे प्रत्येक माप पाण्याच्या घनफळावर ठरते, त्यामुळे हा आकडा अंदाजाने धरू नये. आयताकृती तलावाची लांबी, रुंदी आणि सरासरी खोली मीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करावा आणि त्याला १,००० ने गुणावे. समजा, तलाव ८ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद आहे, त्याच्या उथळ टोकाला पाणी १ मीटर व खोल टोकाला १.८ मीटर आहे आणि तळाला एकसारखा उतार आहे. तर सरासरी खोली १.४ मीटर आणि पाणी ४४.८ घनमीटर, म्हणजे जवळजवळ ४५ हजार लिटर होते. खोली मोजताना भिंतीची उंची न धरता प्रत्यक्ष पाण्याची खोली धरावी. आकार वेडावाकडा असेल तर पहिल्यांदा भरताना नळावर पाण्याचे मीटर लावणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. हा आकडा पंपघराच्या भिंतीवर रंगाने लिहून ठेवावा. पुढील सर्व उदाहरणे याच ४५ हजार लिटरच्या तलावाची आहेत.

दुसरी पायरी : भरायच्या पाण्याची तपासणी

बहुतेक लोक तलावातले पाणी तपासतात, पण तलावात जाणारे पाणी तपासत नाहीत. माझ्या मते नेमकी इथेच निम्मी डोकेदुखी सुरू होते. नळ दोन-तीन मिनिटे वाहू देऊन स्वच्छ बाटलीत नमुना घ्यावा आणि पाणीतपासणीच्या प्रयोगशाळेतून पीएच, अल्कलिनिटी, जडपणा, एकूण विरघळलेले क्षार, लोह, मँगनीज आणि तांबे एवढ्या गोष्टी एकदा मोजून घ्याव्यात. विहीर किंवा बोअरवेल असेल तर पावसाळ्यानंतर एकदा आणि उन्हाळ्याच्या शेवटी एकदा अशी दोनदा तपासणी करणे योग्य, कारण पाण्याची पातळी खाली गेली की त्यातील क्षारांचे प्रमाण बदलू शकते.

बोअरवेलचे पाणी नवख्याला एका बाबतीत हमखास चकवते. जमिनीखालच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड वायू विरघळलेला असतो आणि बायकार्बोनेटही भरपूर असू शकते. असे पाणी पंपातून आल्याबरोबर तपासले तर पीएच ७ च्या आसपास दिसतो आणि माणूस निश्चिंत होतो. तलावात आल्यावर मात्र तो वायू हवेत निघून जातो आणि दोन-चार दिवसांत पीएच ८ च्या वर चढतो. यात औषधाचा दोष नसतो. म्हणून नमुना एका उघड्या भांड्यात दिवसभर ठेवून, अधूनमधून ढवळून, पीएच पुन्हा मोजावा. तलावात पुढे काय होणार आहे, याची कल्पना त्यातून येते.

लोहाची ओळख घरच्या घरीही पटते. पांढऱ्या बादलीत भरायचे पाणी घ्यावे, त्यात द्रवरूप क्लोरीनचे थोडे थेंब टाकावेत आणि बादली रात्रभर तशीच ठेवावी. सकाळी पाण्याला चहासारखी तांबूस छटा आली किंवा तळाशी गंजासारखा गाळ बसला, तर पाण्यात लोह आहे असे समजावे. रंग काळपटाकडे झुकत असेल तर मँगनीजची शंका घ्यावी. असे पाणी थेट तलावात भरून वर क्लोरीनचा मोठा डोस दिला की सगळा तलाव एका रात्रीत तपकिरी होतो आणि प्लास्टरवर डाग पडतात. त्यासाठी भरतानाच नळाला लोह काढणारा फिल्टर जोडावा, किंवा धातू बांधून ठेवणारे सिक्वेस्टरिंग औषध आधी टाकून क्लोरीन थोड्या थोड्या प्रमाणात वाढवत न्यावे. हे औषध धातू काढून टाकत नाही, केवळ विरघळलेल्या अवस्थेत धरून ठेवते, आणि क्लोरीनमुळे ते हळूहळू नष्ट होत असल्याने पुन्हा पुन्हा द्यावे लागते. तलावाचे पाणी स्वच्छ असूनही हिरवट-निळसर दिसत असेल तर शेवाळाऐवजी तांबे हेही कारण असू शकते. तांब्याचे हीटर झिजल्याने किंवा मोरचूदयुक्त शेवाळनाशक वारंवार वापरल्याने ते पाण्यात येते.

साठवलेल्या पावसाच्या पाण्याची गोष्ट अगदी उलट. ते मऊ असते आणि त्यात अल्कलिनिटी जवळजवळ नसते. ते स्वच्छ दिसते म्हणून उत्तम, असे मानू नये. कॅल्शियमची भूक असलेले पाणी ती भूक सिमेंटच्या प्लास्टरमधून आणि ग्राउटमधून भागवते. दोन्ही प्रकारचे पाणी उपलब्ध असेल तर जड पाण्यात पावसाचे पाणी मिसळणे हा मला सर्वांत शहाणपणाचा आणि स्वस्त उपाय वाटतो. टँकरने पाणी आणावे लागत असेल तर प्रत्येक खेपेचा उगम वेगळा असू शकतो, हे गृहीत धरून दर वेळी निदान जडपणा मोजावा आणि लोहाची बादलीतली तपासणी करावी.

बाष्पीभवनाचा हिशेब

पाणी उडून जाते, क्षार मात्र मागे राहतात. वरच्या तलावाचा पृष्ठभाग ३२ चौरस मीटर आहे. कोरड्या, उष्ण दिवसांत रोज ६ मिलिमीटर पाणी उडाले तर १९२ लिटर पाण्याची भर रोज घालावी लागते. भर घालायच्या पाण्याचा जडपणा ४०० पीपीएम असेल तर त्यातून रोज सुमारे ७७ ग्रॅम क्षार येतात. शंभर दिवसांत हे क्षार ७ किलो ७०० ग्रॅम होतात आणि तलावाचा जडपणा साधारण १७० पीपीएमने वाढतो. म्हणजे ३०० वर सुरू झालेला तलाव एका उन्हाळ्यात ४७० वर पोचतो, आणि त्या काळात मालकाने एकही चूक केलेली नसते.

यावर उपाय तीन. तलाव वापरात नसताना त्यावर आच्छादन घालावे. त्याने बाष्पीभवन तर घटतेच, शिवाय धूळही अडते. भर घालायचे पाणी सॉफ्टनरमधून (जडपणा काढणाऱ्या यंत्रातून) किंवा पावसाच्या टाकीतून घ्यावे. मात्र संपूर्ण तलाव सॉफ्टनरच्या पाण्याने भरू नये, कारण त्यात कॅल्शियम जवळजवळ शून्य असते. आणि हे दोन्ही पुरेनासे झाले तर पाण्याचा काही भाग बदलावा.

तिसरी पायरी : मातीची परीक्षा

काचेच्या उंच बरणीत एक तृतीयांश माती घ्यावी, वर पाणी भरून जोराने हलवावी आणि बरणी स्थिर ठेवावी. मिनिटभरात तळाशी बसते ती वाळू, पुढच्या काही तासांत बसतो तो गाळ, आणि दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवणारा भाग म्हणजे चिकणमाती. ही माती तलावाच्या कडेची, निदान दोन-तीन फूट खोलीवरची असावी. वरची बागेसाठी आणून टाकलेली माती काहीच सांगत नाही.

चिकणमाती, विशेषतः उन्हाळ्यात भेगाळणारी काळी माती, ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. या हालचालीने तलावाच्या काठावरची फरशी वर-खाली होते आणि ती तलावाच्या कोपिंगला, म्हणजे भिंतीच्या माथ्यावरच्या दगडी किंवा काँक्रीटच्या पट्टीला, ढकलू लागते. म्हणून कोपिंग आणि भोवतालची फरशी यांच्यामध्ये लवचीक सीलंटचा सांधा सोडलेला असतो. हा सांधा दर वर्षी पाहावा आणि कडक झाला असेल किंवा सुटला असेल तर भरून घ्यावा. हौशी गवंडी तो सिमेंटने भरून ‘पक्का’ करून देतो; तसे करू देऊ नये, कारण मग फरशीचा सगळा रेटा तलावाच्या भिंतीवर येतो. फरशीचा उतार तलावापासून दूर, मीटरमागे निदान १ ते २ सेंटिमीटर असावा, छपराच्या पन्हळीचे पाणी तलावाच्या बाजूला सोडू नये आणि भोवतालच्या जमिनीचा ओलावा वर्षभर शक्य तितका सारखा ठेवावा.

वाळूच्या जमिनीत हालचाल फारशी नसते, पण गळतीचा पत्ता लागत नाही. चिकणमातीत गळके पाणी साचून ओल दिसते. वाळूत ते निमूट खाली जाते आणि जाताना बारीक कण घेऊन जाते, त्यामुळे फरशीखाली पोकळी तयार होते. अशा ठिकाणी महिन्यातून एकदा बादलीची चाचणी करावी. बादली तलावाच्या पाण्याने भरून तलावाच्या पायरीवर अशी ठेवावी की तिचा काठ पाण्याबाहेर राहील. बादलीतील पाण्याची पातळी आतून आणि तलावाची पातळी बाहेरून खुणेने नोंदवावी. चोवीस तासांनी तलावातली घट बादलीतल्या घटीपेक्षा स्पष्टपणे जास्त असेल तर पाणी केवळ उडत नाही, कुठेतरी गळते आहे. चाचणीच्या दिवशी पाऊस, पोहणे आणि पाण्याची भर हे तिन्ही नसावे.

जमिनीवर पांढरी खार फुटत असेल तर माती आणि भूजल यांतील सल्फेट व क्लोराइड तपासून घ्यावे. सल्फेट काँक्रीटला पोखरते आणि क्लोराइड आतल्या सळ्यांना गंजवते. बांधकाम अजून व्हायचे असेल तर अभियंत्याला सल्फेटरोधक सिमेंटविषयी विचारण्याची हीच वेळ असते. तांबड्या मातीच्या भागात वाऱ्याने येणारी धूळ लोह घेऊन येते, आणि बागेत टाकलेले खत पहिल्या पावसात वाहून तलावात आले तर त्यातील फॉस्फेट व नायट्रेट शेवाळाला पोसतात. तलावाभोवती हातभर रुंदीची खडीची चर ठेवली तर वाहून येणाऱ्या खताचा बराच बंदोबस्त होतो.

चौथी पायरी : पाण्याचा तोल साधणे

तलाव भरल्यावर पंप चालू ठेवून आधी अल्कलिनिटी, मग पीएच, मग जडपणा आणि शेवटी क्लोरीन हा क्रम पाळावा. अल्कलिनिटी ही पीएचला आवर घालणारी शक्ती आहे. ती कमी असेल तर पीएच दिवसागणिक उड्या मारतो. ती १० पीपीएमने वाढवण्यासाठी आपल्या तलावाला सुमारे ७५० ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. जडपणा १० पीपीएमने वाढवण्यासाठी साधारण ६५० ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट लागते. हिशेबाने निघालेल्या मापाच्या दोन तृतीयांशच औषध आधी टाकावे, काही तास पाणी फिरू द्यावे आणि पुन्हा मोजून उरलेले टाकावे. वाढवणे सोपे असते, उतरवणे कष्टाचे.

बोअरवेलच्या पाण्यात प्रश्न बहुधा जास्त अल्कलिनिटीचा असतो. ती १० पीपीएमने उतरवायला आपल्या तलावाला बाजारात मिळणारे ३२ टक्क्यांचे हायड्रोक्लोरिक आम्ल सुमारे ९०० मिलिलिटर लागते. हे एका दमात न टाकता पीएच ७.२ च्या खाली जाणार नाही इतपतच टाकावे, नंतर पाणी परत येणाऱ्या नळ्यांची तोंडे वर वळवून किंवा कारंजे लावून पाणी खळाळू द्यावे. खळाळण्याने कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पीएच आपोआप चढतो, अल्कलिनिटी मात्र उतरलेलीच राहते. पीएच चढला की पुन्हा थोडे आम्ल. आठवडाभर हा खेळ चालतो, पण त्याने महिन्यांची कटकट मिटते. ज्यांचे पाणी जड आहे त्यांनी अल्कलिनिटी १२० ऐवजी ८० च्या आसपास आणि पीएच ७.२ ते ७.४ ठेवावा, असे मी सुचवेन. पीएच, अल्कलिनिटी, कॅल्शियम, तापमान आणि विरघळलेले क्षार यांचा एकत्र हिशेब करून पाणी क्षार सोडणार की सिमेंट खाणार, हे सांगणारा निर्देशांक लँगेलियर यांनी १९३६ मध्ये मांडला. आजही तोच वापरतात आणि तलावासाठी तो उणे ०.३ ते अधिक ०.३ या मर्यादेत असावा. हिशेब येत नसला तरी त्यातला गाभा लक्षात ठेवावा : कॅल्शियम किंवा तापमान वाढले तर पीएच आणि अल्कलिनिटी खालच्या टोकाला ठेवायची.

नव्या सिमेंट प्लास्टरमधून पहिले काही आठवडे चुना सुटतो आणि पीएच सारखा चढतो. त्या काळात पीएच रोज तपासावा आणि भिंती रोज ब्रशने घासाव्यात.

पाचवी पायरी : आपल्या पाण्याला जुळणारे क्लोरीन

क्लोरीनची धार पीएचवर अवलंबून असते. पीएच ७.५ असताना मुक्त क्लोरीनचा साधारण अर्धा भाग जंतू मारणाऱ्या रूपात असतो. पीएच ८ झाला की तो जेमतेम पाव उरतो. म्हणून पाणी हिरवे पडू लागले की क्लोरीनचा डबा उघडण्याआधी पीएच पाहावा.

दुकानात क्लोरीन मुख्यतः तीन रूपांत मिळते. कॅल्शियम हायपोक्लोराइटची पावडर प्रत्येक १० पीपीएम क्लोरीनमागे सुमारे ७ पीपीएम जडपणा वाढवते. मऊ पाण्याला ती चालते, जड पाण्यात ती आगीत तेल आहे. ट्रायक्लोरच्या गोळ्या आम्लधर्मी असल्याने जास्त अल्कलिनिटीच्या पाण्याला सोयीच्या वाटतात, पण त्या प्रत्येक १० पीपीएम क्लोरीनमागे सुमारे ६ पीपीएम सायन्युरिक आम्ल सोडतात. हे आम्ल क्लोरीनला उन्हापासून वाचवते, म्हणून उघड्या तलावात ते ३० ते ५० पीपीएम हवेच. १०० च्या पुढे गेले की क्लोरीन जखडले जाते, आणि घरच्या तलावात ते कमी करण्याचा व्यवहार्य मार्ग म्हणजे पाणी बदलणे. पाण्याची टंचाई असलेल्या ठिकाणी फक्त गोळ्यांवर विसंबणे म्हणूनच महागात पडते. द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइट ना कॅल्शियम वाढवते, ना सायन्युरिक आम्ल. जड पाण्यासाठी मी तेच निवडेन. उष्णतेने आणि उन्हाने त्याची ताकद घटत असल्याने ते थोडे थोडे आणावे आणि सावलीत ठेवावे. आपल्या तलावात २ पीपीएम वाढवायला ताजे १० टक्क्यांचे द्रावण सुमारे ९०० मिलिलिटर लागते. ते संध्याकाळी टाकावे.

येथे सक्त ताकीद देणे भाग आहे. आम्ल आणि क्लोरीन शेजारी ठेवू नयेत आणि एकाच भांड्याने मोजू नयेत, कारण ते एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू निघतो. कॅल्शियम हायपोक्लोराइट आणि ट्रायक्लोर एकमेकांत मिसळले तर आग लागू शकते किंवा स्फोट होऊ शकतो. एकाच्या डोझरमध्ये (औषध थोडे थोडे सोडणाऱ्या उपकरणात) दुसरे कधीही भरू नये. औषध पाण्यात टाकावे, औषधावर पाणी ओतू नये. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय आम्लाची बाटली उघडू नये.

तपासणीसाठी डीपीडी पद्धतीचे, म्हणजे क्लोरीनमुळे गुलाबी रंग देणारे, किट घ्यावे. पिवळा रंग देणारे जुने किट मुक्त क्लोरीन आणि बद्ध (मळाशी बांधले जाऊन बहुतांशी निकामी झालेले) क्लोरीन वेगळे दाखवत नाही. डीपीडीचाही एक चकवा आहे : क्लोरीन फार जास्त झाले तर गुलाबी रंग उडून जातो आणि क्लोरीन शून्य आहे असे वाटते. औषध टाकूनही रंग येत नसेल तर नमुन्यात साधे पाणी मिसळून पुन्हा पाहावे. नमुना कोपरभर खोलीवरून, पाणी परत येणाऱ्या नळीपासून दूर घ्यावा.

सहावी पायरी : रोजचे आणि आठवड्याचे काम

पंप इतका वेळ चालवावा की दिवसातून निदान एकदा सगळे पाणी फिल्टरमधून जाईल. घरगुती पंप साधारण ६ ते ८ तासांत हे करतो. क्लोरीन आणि पीएच उन्हाळ्यात रोज, एरवी आठवड्यातून दोन-तीनदा, अल्कलिनिटी आठवड्याला, जडपणा आणि सायन्युरिक आम्ल महिन्याला. भिंती आठवड्यातून एकदा घासाव्यात.

वाळूच्या फिल्टरचा दाब स्वच्छ असतानाच्या दाबापेक्षा अर्ध्या बारने चढला की बॅकवॉश करावा, म्हणजे पाणी उलट्या दिशेने सोडून वाळू धुवावी, आणि व्हॉल्व्हची मूठ फिरवण्याआधी पंप बंद करावा. दाब चढलेला नसताना सवयीने बॅकवॉश करू नये. थोडी मळलेली वाळू अधिक बारीक कण पकडते आणि पाणीही वाचते. वादळानंतर चिकणमातीची धूळ तलावात आली तर ती वाळूच्या फिल्टरमधून सरळ पार होते. अशा वेळी तुरटीने गाळ खाली बसवून तो फिल्टरला वळसा घालून थेट बाहेर खेचावा. तुरटीने अल्कलिनिटी आणि पीएच उतरतात, तेव्हा नंतर दोन्ही तपासावेत.

बॅकवॉशचे पाणी बागेत सोडायचा मोह होतो. त्यातील क्लोरीन उन्हात दोन-तीन दिवस उघडे ठेवून जाते, पण सोडियम आणि क्षार जात नाहीत, आणि चिकणमातीत सोडियम साठले की तिची रचना मोडते व पाण्याचा निचरा थांबतो. म्हणून हे पाणी स्थानिक नियमांनुसार सांडपाण्यात सोडावे. ते तलावाच्या भिंतीलगत तर मुळीच मुरू देऊ नये.

सातवी पायरी : तलाव रिकामा करण्यापूर्वी

भरलेला तलाव स्वतःच्या वजनाने जागेवर बसलेला असतो. रिकामा तलाव मात्र जमिनीत रुतलेल्या नावेसारखा असतो. आपल्या ८ बाय ४ मीटरच्या तलावाभोवती भूजल तळापेक्षा १ मीटर वर असेल तर ते तळाला सुमारे ३२ टन बलाने वर रेटते. २० सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीटच्या अशा तलावाचे स्वतःचे वजनही साधारण तितकेच भरते. पाणी आणखी थोडे चढले की तलाव तडकतो किंवा सबंध वर उचलला जातो, आणि मग त्याला दुरुस्ती नसते. फायबरग्लासचा तलाव तर फारच हलका असतो.

यासाठी तलावाच्या शेजारी तळापेक्षा थोडी खोल जाणारी, भोके पाडलेली आणि कापडी गाळणी गुंडाळलेली तपासनळी पुरून ठेवावी. तिच्यात दोरीला वजन बांधून सोडले की भूजल कुठे आहे ते कळते. मेन ड्रेनमध्ये (तळाच्या निचरा-तोंडात) दाब सोडणारा व्हॉल्व्ह असला तरी तो गाळाने अडकलेला असू शकतो, तेव्हा केवळ त्याच्यावर भरवसा ठेवू नये. पावसाळ्यात आणि त्यानंतर जमिनीतले पाणी उतरेपर्यंत तलाव रिकामा करू नये, चिकणमातीत तर अधिकच थांबावे, कारण तिच्यातून पाणी फार सावकाश ओसरते. पाणी बदलणे अटळ असेल तर ते टप्प्याटप्प्याने, एका वेळी एक तृतीयांशापेक्षा कमी काढून आणि तेवढेच लगेच भरून करावे. प्लास्टरच्या दुरुस्तीसाठी तलाव पूर्ण रिकामा करावाच लागला तर कोरड्या हंगामाच्या शेवटी, तपासनळी तळाखालपर्यंत कोरडी असल्याचे सलग काही दिवस पाहून, आणि काम करणारी माणसे व साहित्य जागेवर आल्यानंतरच पंप सुरू करावा.